आयव्हर स्कोगेनचं मागचं दार

आमच्या बेंट क्रीकमध्ये माणसाची किंमत त्याच्या रायफलीच्या दुसऱ्या आकड्यावरून ठरते. पहिला आकडा सगळ्यांचा सारखाच, पंचेचाळीस. तो नळीच्या भोकाचा. दुसरा आकडा काडतुसात बंदुकीची दारू किती मावते त्याचा. आमच्या आजोबांचं पंचेचाळीस-सत्तरवर भागलं. तेवढ्यावर त्यांनी गवे संपवले, एल्क मारले, अस्वलं मारली आणि संध्याकाळी घरी येऊन मुकाट बटाटे सोलले. मग नातवंडांना वाटायला लागलं की सत्तर म्हणजे फारच कमी. कुणी नव्वद करून घेतलं, कुणी एकशेदहा, आणि शेवटी सगळे एकशेवीसवर येऊन थांबले, कारण त्यापुढे काडतूस बोटाइतकं न राहता मेणबत्तीइतकं झालं असतं. जनावरं होती तीच राहिली. मोठा आकडा बघून एखाद्या एल्कला जास्त भीती वाटली, असं काही माझ्या कानावर नाही.

हे आकडे वाढवून देणारा माणूस म्हणजे आयव्हर स्कोगेन. उंच, वाकलेला, एका कानानं पूर्ण बहिरा आणि दुसऱ्यानं सोयीनुसार. बायको वारल्यावर दुकानाच्या मागच्या खोलीतच राहायचा. मी त्याचा शेजारी डेल, गावचा खाटीक. शिकारीच्या हंगामात मोंटानाच्या या कोपऱ्यातला प्रत्येक एल्क कापायला माझ्याच फळीवर येतो. एल्क म्हणजे घोड्याएवढं सांबर. त्याच्या अंगात गोळी कुठून शिरली आणि कुठे थांबली हे सुरी लावली की दिसतं. त्यामुळे मॅव्हिसच्या कॅफेत माणूस काय सांगतो आणि डोंगरात काय घडलेलं असतं, यातलं अंतर मला इंचात सांगता येतं. गावातले लोक माझ्याशी जरा जपूनच बोलतात.

आयव्हर फक्त एकगोळी रायफलींचं काम करायचा. खालचा दांडा ओढला की मागचा पोलादी ठोकळा खाली सरकतो, काडतूस बसायचं घर उघडतं, त्यात एक काडतूस सरकवायचं, दांडा वर. एक गोळी. दुसरी भरेपर्यंत जनावर एकतर पडलेलं असतं, नाहीतर गेलेलं असतं, नाहीतर तुमच्या अंगावर असतं. नळी दणकट असेल तर आयव्हर ती लेथवर चढवून काडतुसाचं घर आतून लांब कोरायचा. केसभर कोरायचं, थांबायचं, कीस झटकायचा, तेल सोडायचं, पुन्हा केसभर. त्याच्याकडे दोन पोलादी मापं होती. एकावर ठोकळा बंद व्हायलाच हवा, दुसऱ्यावर होताच कामा नये. दुसऱ्यावर झाला तर आठ दिवसांचं काम तो सरळ भंगारात टाकायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, "चूक माझी. पुन्हा करतो."

जुनं मऊ लोखंड असेल तर तो हातच लावत नसे. एकदा न्हावी क्लाइड आपल्या पणजोबाची रायफल घेऊन आला आणि म्हणाला, "हिची एकशेवीस कर."

आयव्हरनं ती उलटसुलट बघितली. "हे लोखंड तुझ्या पणजोबाच्या दारूसाठी आहे. यात एकशेवीस उडवलंस तर हा ठोकळा तुझ्या कपाळातून मागे जाईल. नळी मी नवी बसवून देतो, कपाळ नाही."

क्लाइडनं मुकाट दुसरी, चांगल्या पोलादाची रायफल आणली. आणि तिचं नुसतं घर कोरून घेणं त्याला कमीपणाचं वाटलं म्हणून नवी कोरी जाड नळी बसवून घेतली. ते बघून गावातल्या आणखी तेरा जणांनाही तसंच वाटलं. आयव्हर जुनी नळी काढायचा, तिला चिठ्ठी बांधायचा, चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचं नाव लिहायचा आणि दुकानाच्या छताला टांगून ठेवायचा. चौदा नळ्या, चौदा नावं. "भंगारात का देत नाहीस?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "लागते कधी कधी."

नवी नळी बसली की रायफल ट्रॅक्टरच्या जुन्या टायरला बांधायची, जास्तीची दारू भरायची आणि लाकडाच्या ढिगाआडून दोरी ओढून उडवायची. ती टिकली की गिऱ्हाइकाला बोलवायचं आणि मागच्या कुरणात आपल्यासमोर तीन गोळ्या झाडायला लावायच्या. ही त्याची पद्धत होती. तीन झाडल्याशिवाय रायफल घरी न्यायची नाही. एकशेवीसची लाथ म्हणजे काय, ते तिथे कळायचं. दस्त्याच्या टोकाला लोखंडी चंद्रकोर असते, ती खांद्यात अशी घुसते की पहिल्या गोळीनंतर मर्द गडी हसतो, दुसरीनंतर आकाशाकडे बघतो आणि तिसरीच्या वेळी त्याला अचानक घरचं काम आठवतं.

मग साधारण आठवड्याभरात तो मर्द गडी आयव्हरच्या मागच्या दाराशी यायचा. ते दार ज्या गल्लीत उघडतं तिथेच माझ्या शीतघराचंही दार आहे, म्हणून मला ठाऊक. टोपी हातात, नजर जमिनीवर.

"आयव्हर, ते काडतूस… जरा हलकं भरता येईल का? माझ्यासाठी नाही रे. खांदा पूर्वी एकदा दुखावला होता."

"येईल."

"आणि हे बाहेर…"

"मला ऐकू कमी येतं," आयव्हर म्हणायचा.

बंदुकीच्या काळ्या दारूचं एक आहे, पुंगळीत तिच्यावर पोकळी राहून चालत नाही. अर्धी दारू भरली तर उरलेली जागा कशानं तरी दाबून भरावी लागते. आयव्हर रवा भरायचा. न्याहारीला दुधात शिजवून खातात तोच. पुंगळी लांबलचक, गोळी मोठी, आवाज भरपूर, धूर ढगाएवढा आणि लाथ मात्र आजोबांच्या सत्तरापेक्षाही कमी. माणूस बाहेरून एकशेवीस, आतून साठ. झाकली मूठ सव्वा लाखाची. किराणा दुकानवाल्या ओपलला वाटायचं की एवढा रवा खाणाऱ्या माणसाच्या पोटात नक्की काहीतरी बिघडलंय. ती बिचारी त्याच्यासाठी मऊ पदार्थ करून पाठवायची.

तेरा जण त्या दारानं गेले. प्रत्येकाची खात्री अशी की गावात रवा उडवणारा भित्रा आपण एकटेच, बाकीचे सगळे वाघ. हंगामात डोंगरात कुणी गोळी झाडली की वाऱ्यावर भाजलेल्या रव्याचा खमंग वास पसरायचा. बरोबरचे तिघं-चौघं तो नाक भरून घ्यायचे आणि एकही जण तोंडातून अक्षर काढायचा नाही. संध्याकाळी कॅफेत मात्र, "काय लाथ मारते बाबा ही एकशेवीस!" "अरे, माझी तर दात हलवते!" प्रत्येकजण दुसऱ्याकडे आदरानं बघायचा.

चौदावा वेंडल ग्रिम्सरूड. ट्रॅक्टरचा व्यापारी, जत्रेच्या समितीचा अध्यक्ष, आवाज असा की त्यानं 'शुभ सकाळ' म्हटलं तरी काहीतरी विकायला काढलंय असं वाटावं. कुरणातल्या पहिल्याच गोळीला त्यानं दोन्ही डोळे गच्च मिटले. गोळी आयव्हरच्या पाण्याच्या टाकीला लागली. वेंडलच्या नाकातून रक्त आलं, ते पुसत म्हणाला, "जबरदस्त!" पण मागच्या दारानं तो आला नाही. तेवढंही धाडस नव्हतं म्हणा, किंवा आपण घाबरलोय हेच त्याला कळलं नव्हतं. त्या वर्षी त्यानं डोळे मिटूनच एका एल्कवर गोळी झाडली. ती पोटात लागली आणि जनावर निघून गेलं. वेंडल कॅफेत येऊन 'चुकली थोडक्यात' म्हणाला आणि जेवला. आयव्हर एकटा दोन दिवस रक्ताच्या थेंबांमागे बर्फात फिरला, एका ओढ्यात त्याला ते जिवंत सापडलं, आणि त्यानं ते संपवलं. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे घेऊन आला तेव्हा तो रडलेला होता. साठीतला माणूस, हातात दोर, आणि म्हणतो, "डेल, हे माझ्या लेथवरून गेलेलं आहे."

त्यानंतर वेंडलनं काडतुसं मागितली की त्याला न विचारता, न सांगता आयव्हर रव्याची द्यायला लागला. एरवी तो अगदी सरळ माणूस, लोखंडात केसाइतकं खोटं चालायचं नाही. दारूत मात्र एवढं खोटं त्यानं केलं. वेंडलला फरक कळला, पण त्याचं श्रेय त्यानं स्वतःच्या खांद्याला दिलं. "सवय झाली, दुसरं काय! आता तर लागतसुद्धा नाही." डोळे मिटेनासे झाले, नेम बसायला लागला, सहा वर्षांत चार एल्क. सगळ्यांचे खांदे अख्खे, मांस स्वच्छ. खाटीक म्हणून मला त्याच्याबद्दल तक्रार नव्हती.

आणि मग मार्च महिन्यात तो कॅफेत येऊन गरजला, "सोडतीत नाव लागलं! अलास्का! कोडिॲक बेट! मे महिन्यात!"

"कसली सोडत?" मॅव्हिसनं कॉफी ओतता ओतता विचारलं.

"अस्वल, बाई, अस्वल! उभं राहिलं तर तुझ्या छताला डोकं लागेल असलं. आणि माझी एकशेवीस. चाळीस पावलांवर येऊ देणार आणि मग एकच!"

सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. आयव्हर कोपऱ्यात बसला होता. त्याच्या हातातला काटा तसाच राहिला आणि अंडं गार झालं.

दुपारी तो माझ्याकडे आला. मी डुक्कर कापत होतो. तो म्हणाला, "साठ दारूनं एल्क मरतो. त्या अस्वलाच्या खांद्याच्या हाडात ती गोळी अडकून बसेल."

"मग भरलेली दे की. अस्वलासाठी खास म्हण. सोपं आहे."

"सोपं नाही. सहा वर्षांत त्यानं भरलेलं काडतूस उडवलेलं नाही. तिथे पहिल्यांदा उडवेल, डोळे मिटेल, आणि चाळीस पावलांवर चुकेल. सराव करून जायला हवं. आणि सरावाची पहिली गोळी झाडली की त्याला कळणारच, आजवर काय उडवत होतो ते."

"वाटाड्या असतो बरोबर. त्याच्याकडे रायफल असते."

"जखमी अस्वल वाटाड्याला विचारून येत नाही, डेल."

मी सुरी ठेवली. "हे बघ आयव्हर, तू रव्याचं नाव काढलंस की गोष्ट वेंडलपाशी थांबणार नाही. गावात चौदा नळ्या आहेत. लोक विचारतील."

"वेंडलचं मी वेंडलला सांगणार. बाकी कुणाचं माझ्या तोंडून निघणार नाही." आणि माझ्याकडे त्यानं गरजेपेक्षा जरा जास्त वेळ बघितलं.

तरी तो महिनाभर टाळत राहिला. शेवटी वेंडलची बायको लिओना त्याच्या दुकानात आली, पुढच्या दारानं, हातात रानबोरांच्या मुरंब्याची बरणी. मी तेव्हा तिथेच सुरीला धार लावून घेत होतो.

"आयव्हर, तुला एक विचारू का? तो बडबडतो फार, पण मला माहितीय तो कसा आहे ते. रायफल नीट आहे ना?"

"रायफल नीट आहे."

"मग येईल ना तो परत?"

आयव्हरनं बरणीवरचं झाकण उगाच घट्ट केलं. "त्याला उद्या कुरणात पाठव," तो म्हणाला. "आणि डेल, तू बैलाचे दोन खांदे घेऊन ये. हाडासकट."

दुसऱ्या दिवशी मी ते दोन खांदे कुंपणाला टांगले. वेंडल शिट्टी वाजवत आला. आयव्हरनं त्याला त्याच्याच पेटीतलं काडतूस दिलं. त्यानं पहिल्या खांद्यावर छान नेम धरून गोळी झाडली. धूर, गडगडाट, भाजलेल्या रव्याचा वास. मग आयव्हरनं स्वतः कातड्याच्या पिशवीतून दुसरं काडतूस काढलं आणि दुसऱ्या खांद्यावर आपल्या हातानं झाडलं. तो दोन पावलं मागे गेला.

"जाऊन बघ," तो म्हणाला.

वेंडलची गोळी हाडात रुतून बसली होती, शिशाचं चपटं फूल झालं होतं. आयव्हरची हाड फोडून, कुंपणाची फळी फोडून पलीकडच्या मातीत गेली होती. वेंडल एकदा इकडे बघे, एकदा तिकडे.

"तुझ्या काडतुसात काय होतं?"

"दारू. तुझ्यात अर्धी दारू, अर्धा रवा. सहा वर्षं."

"रवा."

"न्याहारीचा."

मला वाटलं हा आता आयव्हरला मारणार. पण त्यानं रायफल घेतली, आयव्हरच्या हातातलं भरलेलं काडतूस घातलं आणि झाडलं. चंद्रकोर खांद्यात बसली, टोपी उडाली, गोळी कुठे गेली ते देवालाच ठाऊक. नाकातून रक्त आलं. "अजून एक," तो म्हणाला. आयव्हरनं पाठ फिरवून काडतूस भरलं आणि रायफल हातात दिली. वेंडलनं नेम धरला, डोळे गच्च मिटले, चाप ओढतानाच नळी हातभर खाली गेली. आणि काहीच झालं नाही. नुसतं 'टक्'. काडतूस रिकामं होतं. आवाज नाही, धूर नाही, लाथ नाही. भर उजेडात उरला फक्त डोळे मिटून थरथरणारा पन्नाशीचा एक माणूस.

"हे तुला दाखवायचं होतं," आयव्हर हळू म्हणाला. "यात लाज नाही. पण तिथे हे चालणार नाही."

वेंडलनं रायफल कुंपणाला टेकवली. "म्हणजे अख्ख्या गावात मीच एकटा?"

आयव्हर एक शब्द बोलला असता तर त्या माणसाचं अर्धं ओझं उतरलं असतं. तेरा नावं त्याच्या जिभेवर होती आणि त्यातलं एक त्या कुरणात उभं होतं. तो बोलला नाही. मीही बैलाचे खांदे गाडीत टाकत राहिलो, जणू त्या कामाला फार लक्ष लागतं.

वेंडल पुढचे चार दिवस आला. रोज दहा गोळ्या. खांदा आधी लाल, मग जांभळा, मग काळा. डोळे काही उघडे राहिनात. उलट आता रिकाम्या काडतुसालाही हात थरथरायला लागले. पाचव्या दिवशी तो आला नाही.

शनिवारी मॅव्हिसच्या कॅफेत त्याच्या निरोपाची न्याहारी होती. भिंतीवर कापडी फलक, टेबलावर अस्वलाच्या आकाराचा केक, त्याला बदामाची नखं. सगळं गाव होतं. क्लाइड उठून म्हणाला, "वेंडल, अस्वलाला माझा नमस्कार सांग!" वेंडल उभा राहिला. आवाज नेहमीचा नव्हता, तरी आमचं बोलणं थांबलं.

"मी जात नाहीये," तो म्हणाला. "मला त्या रायफलीची भीती वाटते. गेली सहा वर्षं मी रवा भरलेली काडतुसं उडवतोय. मला माहीत नव्हतं, आता माहीत आहे. भरलेली मला झेपत नाहीत, मी डोळे मिटतो. असा गेलो तर लिओनाकडे नुसती टोपी परत येईल. म्हणून जात नाही. केक खा."

कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळं कॅफे फुटलं.

"साखर घातली होती का रे रव्यात?" क्लाइड.

"म्हणून म्हटलं, याचे एल्क एवढे तृप्त चेहऱ्यानं का मरतात!" दुसरा कुणी.

आणि मी, गावचं खरं-खोटं इंचात मोजणारा, कुरणात त्याला थरथरताना बघितलेला मी, सगळ्यांत मोठ्यानं म्हणालो, "वेंडल, अस्वलाकडे जाताना दूध घेऊन जा हो, कोरडा रवा घशात अडकतो!" सगळ्यांत मोठा हशा माझ्या वाक्याला पडला. वेंडल खाली बसला. लिओनानं त्याच्या हातावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी विसरलेलो नाही.

तेवढ्यात आयव्हर उठला. रुमालानं तोंड पुसलं.

"हसून झालं? बरं. एक सांगायचं होतं. आजपासून मी ओपलकडून रवा घेणार नाही. यापुढे माझ्या दुकानातून जी एकशेवीसची काडतुसं जातील ती काठोकाठ दारूनं भरलेली असतील. सगळ्यांची. ज्याला झेपणार नाहीत त्याची जुनी नळी छताला आहे, मी बसवून देतो. पण मागचं दार मी बंद केलंय. पुढून यायचं."

त्यानं कुणाचंही नाव घेतलं नाही, कुणाकडे बघितलंही नाही. टोपी घातली आणि निघून गेला. आमचं हसू जिथल्या तिथे गोठलं. बारा गडी ताटाकडे बघत बसले, मूग गिळून. प्रत्येकाला वाटत होतं की हे आपल्यालाच उद्देशून होतं, आणि मग हळूहळू एकेकानं शेजाऱ्याच्या लाल कानाकडे बघितलं.

"कॉफी हवीय का कुणाला?" मॅव्हिसनं विचारलं. कुणालाच नको होती.

त्या दुपारी गल्लीत फार वर्दळ झाली. एकेक जण यायचा, आयव्हरच्या मागच्या दाराची कडी हळूच हलवून बघायचा, मग मी दिसलो की दचकून म्हणायचा, "डेल! तुझ्याकडेच येत होतो. सॉसेज आहेत का?" हंगाम नसताना एका दुपारी माझे सगळे सॉसेज संपले. आता इतकं सांगितलंच आहे तर हेही सांगतो, की त्या कडीला सगळ्यांत आधी ज्याचा हात लागला तो सॉसेज घ्यायला आलेला नव्हता. त्याला सॉसेजची गरज नव्हती, त्याचंच दुकान होतं. तेरातला एक मी. माझा खांदा पूर्वी एकदा दुखावला होता.

सोमवारी वेंडल भर सकाळी पुढच्या दारानं आत गेला. आयव्हरनं जाड नळी काढली, छताची जुनी उतरवली आणि पुन्हा बसवली. नळीवर अर्धी आणि सांगाड्यावर अर्धी अशी छिन्नीची एक रेघ असते. दोन्ही अर्ध्या समोरासमोर आल्या की नळी बरोबर बसली. त्या आल्या. वेंडलला गावानं वर्षभर 'न्याहारी' म्हणून हाक मारली आणि तो 'ओ' देत राहिला. त्या हंगामात त्यानं आजोबांच्या सत्तरावर एक एल्क मारला. माझ्या फळीवर आला तेव्हा एकच भोक होतं, जिथे हवं तिथे.

मग हळूहळू बाकीचे जायला लागले. कारणं फार सुंदर असायची. एकाच्या बायकोला जुन्या नळीचा रंग आवडायचा. एकाला जाड नळीचं ओझं डोंगरात पेलवेना. क्लाइड म्हणाला, हाताला हलकं बरं, न्हाव्याचे हात आहेत. आयव्हर मान डोलवायचा, कुठलंच कारण त्याला नीट ऐकू यायचं नाही. दोन वर्षांत छत बरंचसं रिकामं झालं.

मी गेलो नाही. हंगामात खाटकाला वेळ कुठे असतो, असं मी सांगायचो आणि ते सगळ्यांना पटायचं. त्या शनिवारनंतर भरलेलं काडतूस मी एकदाच उडवलं, पुन्हा नाही. आयव्हर रोज भेटायचा, हवापाण्याचं बोलायचा, त्यानं तो विषय काढला नाही. माझ्या दुकानापासून त्याच्या पुढच्या दारापर्यंत चाळीस पावलंसुद्धा नाहीत. कॅफेतलं माझं ते दुधाचं वाक्य मात्र लोक अजून सांगतात, माझं नाव घेऊन, कौतुकानं. त्या वाक्यासकट त्या दारातून आत कसं जायचं, ते मला कळलं नाही.

ती दोन वर्षं सरता सरता, फेब्रुवारीत आयव्हर झोपेत गेला. दुकान आवरायचं काम त्यानं वेंडलवर सोपवून ठेवलं होतं, तसं लिहून. लेथ बोझमन शहरातल्या कुणीतरी नेला. ती दोन पोलादी मापं वेंडलनं स्वतःकडे ठेवली. आवराआवरीच्या शेवटच्या दिवशी त्यानं मला बोलावलं. रस्त्यावरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा त्याच्या त्या आवाजात, "डेल! जरा ये!"

दुकान रिकामं होतं. छताला एकच नळी लटकत होती. तेल लावलेली, पुसलेली, चिठ्ठी नुकतीच बदललेली. जुन्या चिठ्ठीची शाई पुसट झाली असणार. नव्या चिठ्ठीवर आयव्हरच्या अक्षरात माझं नाव होतं.

वेंडलनं स्टुलावर चढून ती उतरवली आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. त्यानं कॅफेतल्या त्या सकाळचं बोलायला हवं होतं. दूध, रवा, काहीतरी. मी वाट बघत होतो, त्यानं बोलावं म्हणून जवळजवळ प्रार्थनाच करत होतो.

"जड आहे, सांभाळ," तो म्हणाला.

"आता ही बसवणार कोण, वेंडल?"

तो लेथच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. जमिनीवर तिथे तेलाचा चौकोनी डाग होता. मग त्यानं जाऊन दार उघडून धरलं, पुढचं, आणि मी नळी घेऊन भर रस्त्यावर बाहेर पडलो.